सकाळी आठला वर्ग आहे, मग हॉस्टेल कुठलं घ्यावं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पुण्याची २७ वर्षांची वाचक जानेवारीत एकटी ग्वाटेमालाला निघाली आहे. अतितलान सरोवराकाठच्या सान पेद्रो ला लागुना या छोट्या गावात ती दोन आठवडे स्पॅनिश शिकणार आहे. वर्ग सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते १२. हॉस्टेलात ती याआधी कधी राहिलेली नाही. तिने तीन जागा निवडून ठेवल्यात. पहिली सान पेद्रोच्या बोटधक्क्यालगत, खाली बार असलेली: एका रात्रीचे ७० क्वेत्झाल (ग्वाटेमालाचं चलन), प्रवाशांनी दिलेले गुण दहापैकी ८.९. दुसरी सरोवरापलीकडे सांता क्रूझ गावात, पाण्याला लागून: १४० क्वेत्झाल, गुण ९.४. तिसरी सान पेद्रोतच, चढावर, बाजाराजवळ: ९५ क्वेत्झाल, गुण ८.१, फक्त बायकांसाठी सहा खाटांची खोली आणि स्वयंपाकघर. ती शाकाहारी आहे, झोप सावध आहे. आईवडिलांचं म्हणणं, डॉर्म, म्हणजे अनेकांची सामायिक खोली, नको, स्वतंत्र खोली घे. तिला मात्र माणसं भेटायला हवी आहेत. “९.४ वालं सगळ्यात चांगलं असणार ना? चौदाही रात्री आत्ताच बुक केल्या की डोक्याची कटकट जाईल,” असं ती लिहिते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे वर्गाची वेळ. सकाळी आठला तुम्हाला सान पेद्रोत शाळेच्या बाकावर बसायचं आहे. तेव्हा तिथूनच सुरुवात करू आणि गुणांकडे मागाहून वळू.

सांता क्रूझहून सान पेद्रोला जायचं साधन म्हणजे लांचा, वीसेक माणसांची मोटरबोट. सरोवराकाठच्याच पानाहाचेल गावाहून सुटलेली लांचा सांता क्रूझ, हाइबालितो, त्सुनुना, सान मार्कोस असे थांबे घेत सान पेद्रोला येते. छापील वेळापत्रक नाही. बोट भरली, किंवा भरल्यासारखी वाटली, की नावाडी दोर सोडतो. म्हणजे अर्ध्या तासाचा प्रवास आणि त्याआधी धक्क्यावर किती थांबावं लागेल ते सांगता येत नाही. सकाळी पाणी शांत असतं. दुपारनंतर शोकोमिल नावाचा वारा उठतो, लाटा येतात आणि बोटीचं नाक आपटत राहतं. लॅपटॉप पाठीवर घेऊन हे दहा दिवस करणं दमवणारं आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास सार्वजनिक लांचा विरळ होतात, अंधार पडल्यावर स्वतंत्र बोट ठरवावी लागते आणि तिचे शेकडो क्वेत्झाल मोजावे लागतात. एका फेरीचे २०–२५ क्वेत्झाल धरले तरी जाऊन-येऊन दहा दिवसांचे ४००–५०० क्वेत्झाल होतात. एक क्वेत्झाल साधारण ११–१२ रुपये, त्यावरून हिशेब करा. शिवाय संध्याकाळी वर्गातली मंडळी जेवायला बाहेर पडतील तेव्हा तुम्ही शेवटच्या बोटीसाठी धक्क्याकडे धावत असाल. ज्यासाठी हॉस्टेल घेताय, त्या ओळखीपाळखी तिथेच राहतील.

काठाकाठाने पायवाट आहे, असं कुणीतरी सुचवेल. सांता क्रूझ, हाइबालितो, त्सुनुना यांमधल्या वाटेवर प्रवाशांना लुबाडल्याचे प्रकार घडले आहेत. स्थानिक वाटाड्याशिवाय ती वाट एकटीने धरू नका.

आता ते ९.४ गुण. ते खोटे नाहीत. पण ज्यांनी दिले ते तिथे दोन-तीन रात्री आराम करायला, पोहायला, कयाक वल्हवायला आले होते, आणि त्या कामाला ती जागा उत्तमच असेल. हॉस्टेलवर्ल्डसारख्या बुकिंगच्या साइटवर एकूण गुण ही सात गोष्टींची सरासरी असते: सुरक्षितता, ठिकाण, कर्मचारी, वातावरण, स्वच्छता, सोयी आणि पैशाचा मोबदला. तुमच्यासारख्या दोन आठवडे राहणाऱ्या, लवकर उठणाऱ्या मुलीला यातल्या स्वच्छता आणि सुरक्षितता या दोनच ओळी उघडून बघायच्या आहेत. ‘वातावरण’ जितकं वर, तितकी रात्रीची शांतता कमी असण्याची शक्यता. ‘कर्मचारी’ या गुणाला तर फार किंमत देऊ नका. अशा हॉस्टेलांत पुष्कळदा फिरस्ते प्रवासीच खाट आणि नाश्त्याच्या बदल्यात काही आठवडे काम करतात. ज्यांची नावानिशी स्तुती वाचाल ते जानेवारीत तिथे नसतीलच.

अभिप्राय वाचायचे तर नवे आधी लावा आणि शेवटच्या तीन महिन्यांपुरतेच वाचा. मग मागच्या जानेवारीचे काढा, कारण कोरड्या ऋतूतली थंडी, गर्दी आणि पाण्याचा दाब तेव्हाच कळतो. बायकांनी लिहिलेले वेगळे वाचा. एका माणसाने ढेकूण लिहिले तर नोंद घ्या, दोघांनी वेगवेगळ्या महिन्यांत लिहिले तर ती जागा सोडा. फोटोंची तारीखही बघा. अतितलानमधून वर दिसणारी एकही नदी बाहेर पडत नाही, त्यामुळे पातळी वर्षानुवर्षं चढउतार करते. २०१० च्या अगाथा वादळानंतर पाणी इतकं वाढलं की काठावरच्या इमारती बुडाल्या. जुन्या फोटोतली हिरवळ आज पाण्याखाली असू शकते, आणि अगदी काठच्या तळमजल्याच्या खोल्यांत ओल असते.

पहिल्या जागेबद्दल थोडक्यात सांगतो: खाली बार असलेलं हॉस्टेल सावध झोपेच्या माणसाने घेऊ नये. सान पेद्रोत पानाहाचेलकडचा आणि काठावरच्याच सांतियागो गावाकडचा असे दोन धक्के आहेत. त्यांच्या मधल्या काठच्या गल्ल्यांत बार, खानावळी, हॉस्टेलं आणि बऱ्याचशा स्पॅनिश शाळा दाटीने आहेत. ७० क्वेत्झालचा मोह समजण्यासारखा आहे, पण झोप न झालेल्या डोक्यात क्रियापदं शिरत नाहीत, आणि शाळेचे पैसे हॉस्टेलच्या कितीतरी पट भरलेले असतात.

पण चढावरची तिसरी जागा शांत असेल असंही धरून चालू नका. वरचं गाव त्सुतुहिल माया लोकांचं राहतं गाव आहे आणि त्याचे आवाज वेगळे आहेत. इव्हॅन्जेलिकल चर्चमधली संध्याकाळची प्रार्थना ध्वनिवर्धकावर चालते. कुणाचा वाढदिवस असला की पहाटे पाचला फटाक्यांची माळ लागते. कोंबडे आणि कुत्री आहेतच. फरक इतकाच, की हे आवाज बहुतेक रात्री दहापर्यंत आवरतात आणि पहाटे सुरू होतात, म्हणजे तुमच्या दिवसाशी त्यांचं जमतं. फोमचे कानबोळे न्या, आणि नीट घाला: बोटांनी गोल दाबून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर ओढा, आत सरकवा, आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट लावून धरा. बहुतेकांना ते उपयोगी पडत नाहीत कारण ते अर्धेच आत गेलेले असतात. माणसांचं बोलणं याने थांबतं, बारच्या स्पीकरचा धडधडणारा खर्ज थांबत नाही.

आईवडिलांच्या काळजीबद्दल. स्वतंत्र खोली म्हणजे सुरक्षित आणि डॉर्म म्हणजे धोक्याचं, हे समीकरण इतकं सरळ नाही. डॉर्ममध्ये चोरी होते ती बहुतेक हाताला सहज लागलेल्या वस्तूंची: सामायिक बोर्डाला चार्जिंगला लावलेला फोन, उशीवर टाकलेलं पाकीट. दाराला कुलूप लावून लॉकर वापरला तर यातलं बरंचसं टळतं. उलट तळमजल्यावरची, गल्लीकडे खिडकी असलेली, कडी हलणारी एकांड्या कोपऱ्यातली खोली काही जास्त सुरक्षित नाही, आणि तिथे रात्री हाक मारायला शेजारी कुणी नसतं. म्हणून घरी ‘डॉर्म की खोली’ हा वाद घालण्यापेक्षा हॉस्टेलला या गोष्टी विचारा: रात्री मुख्य दार बंद होतं का, आणि आतून किल्लीशिवाय उघडतं का? आग लागली तर बाहेर कसं पडायचं, याचं उत्तर त्यातच आहे. रात्री आवारात मालक किंवा पहारेकरी झोपतो का? डॉर्मच्या दाराची किल्ली प्रत्येकीला मिळते का? संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे, की अंगण ओलांडून जावं लागतं? लॉकरमध्ये लॅपटॉपची बॅग आडवी मावते का? कुलूप तुमचं तुम्हालाच न्यायचं असतं, आणि इथे एक बारीक अडचण येते: आपल्याकडची जाड कडीची कुलपं तिथल्या लॉकरच्या कोयंड्यात शिरत नाहीत. पाच मिलिमीटरच्या आसपास जाडीची, थोडी लांब कडीची, आकड्यांची दोन कुलपं घ्या. एक लॉकरला, एक सॅकच्या चेनला.

खालची खाट मागून घ्या. स्पॅनिशमध्ये ‘कामा दे आबाखो’ म्हणा. मध्यरात्री शिडी उतरावी लागत नाही, पांघरूण वरच्या खाटेच्या फळीत खोचून पडदा करता येतो, आणि प्लग बहुधा खालीच असतो. वीज १२० व्होल्टची आहे आणि सॉकेट दोन चपट्या पिनांचं. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असतं, ते चालतात. आपला २३० व्होल्टचा हेअर ड्रायर किंवा पाणी तापवायची सळई तिथे धड तापत नाही. ठोकळ्यासारखा जड अ‍ॅडॉप्टर ढिल्या सॉकेटमधून रात्री गळून पडतो, तेव्हा हलका न्या.

गरम पाण्याचं आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण नव्या माणसाची पहिली तक्रार तिथेच असते. सरोवर सुमारे १५६० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत दुपार छान उबदार असते, रात्री पारा १०–१२ अंशांपर्यंत उतरतो. बऱ्याच हॉस्टेलांत गिझर नसतो. शॉवरच्या तोंडातच विजेची कॉइल असते आणि पाणी वाहू लागलं की ती तापते. नळ पूर्ण सोडला तर पाणी कॉइलवरून भरभर निघून जातं आणि कोमट राहतं. नळ हळूहळू बंद करत आणा. धार बारीक होईल तसं पाणी गरम होईल. फारच बारीक केली तर कॉइल बंद पडते आणि एकदम गार पाणी येतं, म्हणजे दोन्हींच्या मधली जागा शोधायची. ओल्या हाताने शॉवरच्या तोंडाला किंवा वरच्या वायरींना हात लावू नका. नळाला हात लावताच मुंग्या आल्यासारखं वाटलं तर अंघोळ तिथेच थांबवा, मालकाला सांगा आणि ते बाथरूम पुन्हा वापरू नका. संडासात जेट किंवा तांब्या नसतो, आणि कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो, नाहीतर अरुंद पाइप तुंबतात. घडीचा सिलिकॉनचा मग सॅकमध्ये सहज मावतो.

स्वयंपाकघर आहे, एवढ्यावर शाकाहारी माणसाने खूश होऊ नये. किती शेगड्या आणि किती खाटा, ते मोजा. वीस खाटांना दोन शेगड्या असतील तर संध्याकाळी सातला रांग लागते. स्वयंपाकघर रात्री किती वाजता बंद होतं तेही विचारा. कोरडे काळे घेवडे विकत घेऊन शिजवायला बसू नका. या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, कुकर नसतो, आणि दोन तास एक शेगडी अडवून ठेवली तर सगळ्यांचा राग ओढवतो. शिजवलेले घेवडे तयार मिळतात, फक्त ‘मांतेका’ म्हणजे डुकराची चरबी घातली आहे का ते विचारा. मसूर ‘लेंतेखास’ नावाने मिळते आणि भिजवली की लवकर शिजते. बाजारात टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, लिंबं, मिरच्या, अ‍ॅव्होकाडो हवे तितके असतात, आणि हातावर थापलेल्या मक्याच्या टॉर्टिया दिवसातून तीनदा गरम मिळतात. भाकरीची सवय असलेल्या माणसाचं त्यावर चांगलं भागतं. घरून हळद, मोहरी, हिंग आणि लाल तिखटाच्या लहान पुड्या न्या, बाकी काही नको. बाहेर जेवताना ‘सिन कार्ने’ म्हटलं तर फक्त लाल मांस वगळलं जातं, आणि भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असू शकतो. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन काल्दो दे पोयो’ (मांस नको, कोंबडी नको, कोंबडीचा रस्सा नको) असं पूर्ण म्हणा. नळाचं पाणी पिऊ नका, दातही त्याने घासू नका. हॉस्टेलात पिण्याच्या पाण्याचा १८–१९ लिटरचा मोठा जार असतो. त्यातून बाटली भरायचे पैसे पडतात का, हे आधी विचारा. चौदा दिवसांत ती रक्कम वाढते.

आता बुकिंग. चौदा रात्री आत्ता ठरवून डोक्याची कटकट जाणार नाही, उलट गळ्यात पडेल. आगाऊ भरलेली रक्कम बहुधा परत मिळत नाही, आणि खोली पसंत पडली नाही तरी पैशांसाठी तुम्ही तिथेच राहाल. तिसऱ्या हॉस्टेलात दोनच रात्री घ्या. जानेवारीत गर्दी असते, पण ती काठावरच्या लोकप्रिय जागांना जास्त, आणि दोन रात्रींत गाव पायी बघून होतं. दिसणाऱ्या ९५ क्वेत्झालमध्ये कर धरलेला आहे का ते पाहा. तिथे राहण्याच्या भाड्यावर १२ टक्के मूल्यवर्धित कर आणि १० टक्के पर्यटन कर लागतो, तो वरून असेल तर ९५ चे ११६ होतात. पुढे आठवड्याचं भाडं रोख देणार असाल तर सूट मागा, बरेचजण देतात.

शक्यतो रविवारी पोहोचा. खाट ताब्यात घेतल्यावर सॅक तिच्यावर टाकू नका, फरशीवर किंवा बाथरूममध्ये ठेवा आणि आधी ढेकूण शोधा. फोनचा दिवा लावून चादर डोक्याकडच्या कोपऱ्यातून उचला. गादीची शिवण बोटाने फाकवून अख्ख्या कडेने बघत जा. शाईच्या टिंबांसारखे काळे डाग, फिकट पापुद्र्यासारख्या काती, किंवा सफरचंदाच्या बीएवढा चपटा तपकिरी किडा दिसला तर खाट बदलून मागू नका, कारण शेजारची खाटही तशीच असते. दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या जागी जा. लाकडी खाटेच्या सांध्यांत आणि स्क्रूच्या भोकांतही डोकवा. चावे उठलेच तर कपडे पिशवीत घट्ट बांधून लाँड्रीत द्या आणि ड्रायरमध्ये चांगल्या कडक तापमानाला वाळवायला सांगा. नुसत्या थंड पाण्याने ढेकूण मरत नाहीत.

सोमवारी वर्ग सुटल्यावर आणखी दोन-तीन जागा बघा. दुपारी बाराच्या आसपास आधीचे लोक खोल्या सोडतात, तेव्हा खाटा उघड्या दिसतात. प्रत्येक ठिकाणी शॉवर स्वतः सुरू करून बघा, वाय-फाय स्वागतकक्षात न तपासता खाटेवर बसून तपासा. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. घरी सकाळचे आठ वाजलेले असतात तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ, आणि नेमकं तेव्हाच सगळं हॉस्टेल नेटवर असतं. जी जागा आवडली तिच्या बाहेर त्याच रात्री साडेनऊला एक फेरी मारा आणि ऐका.

एक पर्याय तुमच्या पत्रात नाही, पण तो गंभीरपणे विचारात घ्या. सान पेद्रोतल्या बहुतेक शाळा गावातल्या कुटुंबाकडे राहायची सोय करतात, स्वतंत्र खोली आणि तीन वेळचं जेवण, सहसा रविवार सोडून. हॉस्टेलात माणसं भेटतील हे खरं, पण ती आपसांत इंग्रजी बोलतील. सकाळी चार तास शिकलेलं स्पॅनिश संध्याकाळी वापरायला जागा हवी, आणि ती घरच्या चुलीपाशी मिळते. घरात मोठी माणसं आपसांत त्सुतुहिल बोलत असतील, पण तुमच्याशी स्पॅनिशच बोलतील. अडचणी आहेत: शाकाहार आधी नीट समजावून सांगावा लागतो, रात्री उशिरा परतणं शोभत नाही, आणि कुटुंब कसं निघेल ते नशिबावर. मला विचाराल तर पहिला आठवडा हॉस्टेलात काढा, वर्गातल्या ओळखी होऊ द्या आणि दुसऱ्या आठवड्यासाठी शाळेकडून घर मागा. कुणाचं घर चांगलं आहे, ते तोवर वर्गातल्याच मुलींकडून कळलेलं असेल. स्वतंत्र खोली हवी ही आईवडिलांची इच्छाही त्यात निम्मी पुरी होते.

पोहोचण्याचं नियोजन दिवसाउजेडी करा. विमान दुपारनंतर उतरणार असेल तर ती रात्र ग्वाटेमालातल्याच अँटिग्वा शहरात काढा आणि सकाळी थेट सान पेद्रोची शटल, म्हणजे प्रवाशांची व्हॅन, घ्या, साधारण चार तास. ‘अतितलान’ एवढंच लिहिलेली शटल पानाहाचेलला सोडते आणि पुढे लांचा घ्यावी लागते, तेव्हा तिकीट घेताना गावाचं नाव वदवून घ्या. पानाहाचेलच्या धक्क्यावर “सार्वजनिक बोट संपली, आता स्वतंत्रच” असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या दोघांना विचारा, आणि भाडं उतरताना द्या. बोटीत मागच्या बाजूला बसा, आपटणं कमी लागतं. सान पेद्रोत धक्क्यापासून वर हॉस्टेलपर्यंत चढ उभा आहे. सॅक जड असेल तर तुकतुक करा. समोर येईल ती बहुधा बजाजचीच रिक्षा असेल. भाडं बसण्याआधी ठरवा.

घरच्यांना हॉस्टेलचा आणि शाळेचा पत्ता, दोन्हींचे फोन आणि ग्वाटेमालातल्या पर्यटक मदत सेवेचा, प्रोआतुरचा, १५०० हा क्रमांक देऊन ठेवा. तो तिथल्या फोनवरून लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी स्थानिक सिम घ्या. रोज फोन करण्याचं कबूल करू नका. एक ठरावीक वेळ आणि एका ओळीचा निरोप पुरे. एखाद्या दिवशी वीज किंवा नेट गेलं तर पुण्यात घबराट नको.

आज एवढं करा. तिसऱ्या हॉस्टेलला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा: बायकांच्या खोलीतली खालची खाट दोन रात्रींसाठी मिळेल का, बाथरूम जोडून आहे का, रात्री दार कोण बघतं, कर धरून एकूण किती, आणि खोलीचा आत्ताचा एक फोटो पाठवाल का. दोन दिवसांत सरळ उत्तरं आली तर बुक करा. उत्तर आलं नाही किंवा दाराच्या प्रश्नाला बगल दिली, तर शाळेला लिहा आणि त्यांच्या ओळखीतली जागा मागा.